पिवळ्या अंगठ्याचा दर्जा

माझ्या लग्नाच्या बोलणीला आम्ही पारखीकाकांना सोबत नेलं, ही आमच्या घराण्याची मोठी चूक. मुलगी चहा घेऊन आली, पाटावर बसली, नाव-गाव सांगून झालं. आता कुणा वडीलधाऱ्यानं काहीतरी शुभ बोलावं म्हणून सगळे वाट बघत होते. काकांनी बशीतला चहा आवाज करत संपवला, मिशी पुसली आणि भर बैठकीत निकाल दिला, "पोरगी अव्वल. पोरगं कच्चं हाय, पन वाळंल."

माझा होणारा सासरा मला वरून खाली बघायला लागला. मुलगी पदरात तोंड लपवून हसली. परतीच्या एसटीत मी काकांना फाडकन विचारलं, "मानसाला दर्जा द्यायचा अधिकार तुमाला कुनी दिला हो?" तर म्हणतात कसे, "अधिकार कुनी देत नसतंय. बोटात असावा लागतो." आणि खिडकीला डोकं टेकून झोपले. लग्न झालं ते झालंच, पण आमची ही अजूनही भांडणात ते "कच्चं हाय" काढते.

बोटात होता, हे मात्र खरं. वसमतच्या मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात, त्यांनी उभा जन्म हळद पारखण्यात घातला. आडतीवर पोती उघडली की हे वाकायचे, एक कांडी उचलायची, कानाजवळ नेऊन मोडायची, मोडल्याचा आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा, अंगठ्यानं चोळायचं, हुंगायचं. मग चारातला एक शब्द: अव्वल, दुय्यम, कच्चा, बाद. त्यावर शेतकऱ्यानं बोलायचं नाही, व्यापाऱ्यानं तर मुळीच नाही. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत पिवळी. अंगठा तर इतका पिवळा, की साबण हरला, रॉकेल हरलं. मोंढ्यातून निवृत्त झाले तरी तो रंग निवृत्त झाला नाही, कारण सवय म्हणून सदऱ्याच्या खिशात हळकुंडं असायचीच. बोलता बोलता एक काढायचं, मोडायचं, चोळायचं. चहा आला की हुंगून "दुय्यम". नवा तहसीलदार आला, "कच्चा". शेजारच्या बाळंतिणीचं लेकरू हातात घेऊन त्याची टाळू हुंगली आणि म्हणाले "अव्वल", तेव्हा ती बाई रडली होती आनंदानं.

माझा एसटीडीचा बूथ मोंढ्याच्या तोंडावरच. लहानपणी पोलिओनं एक पाय गेला, म्हणून सरकारनं बूथ दिला. बूथबाहेरच्या बाकड्यावर काका दिवसभर बसून राहायचे, आणि तिथंच त्यांचा तो नाण्यांचा उद्योग सुरू झाला.

आमच्याकडं निजामाच्या काळातले रुपये घरोघर. जुनी भिंत पाडली की निघतात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात असतात, तांड्यावरच्या बायकांच्या गळ्यात तर ओळीनं असतात. आणि नांदेड-हैदराबादचे फिरते व्यापारी यायचे, चांगलं नाणं हातात घेऊन "काय हो हे, घासून गेलंय" म्हणायचे आणि भंगाराच्या मोलानं उचलायचे. एकदा माझ्या बूथसमोरच असा एक जण एका म्हातारीला फसवत होता. काका उठले, नाणं त्याच्या हातातून काढून घेतलं, अंगठ्यानं दाबून चोळलं, हुंगलं, म्हणाले, "अव्वल. चल, निघ इथून." तो निघाला. म्हातारी म्हणाली, "बाबा, लिहून दे की. उद्या दुसरा यील."

बूथमधल्या मशीनमधून फोनच्या बिलाची पट्टी निघायची ना, तिच्या पाठकोऱ्या बाजूवर काकांनी लिहिलं, "रुपया एक. अव्वल." खाली सही केली, आणि सहीशेजारी आपोआप पिवळा अंगठा उमटला. तेव्हापासून हीच पद्धत. लोक सही वाचायचे नाहीत, अंगठा बघायचे. कळमनुरीच्या बाजारात, औंढ्याकडं, कुठंही ती पट्टी दाखवली की व्यापारी गप्प बसायचा. काका कुणाकडून काही घेत नसत. एक चहा, तोही "दुय्यम" म्हणून शिव्या घालून.

तुलनेसाठी त्यांच्याजवळ त्यांचं स्वतःचं एकच नाणं होतं. चारमिनारचा चांदीचा रुपया, आईनं दिलेला. कुणाचंही नाणं आलं की आधी खिशातून आपला रुपया काढायचा, त्यावर अंगठा फिरवायचा, मग त्या नाण्यावर. "अव्वल म्हंजे काय, हे बोटाला रोज सांगावं लागतंय. डोळ्याला फसवता येतं, बोटाला न्हाई." हे ते दिवसातून दहा वेळा तरी म्हणायचे.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग ती पुस्तिका आली.

नांदेडच्या कुणा नाणेवाल्यानं त्यांना आणून दिली. मुंबईत म्हणे एक कंपनी होती. नाणं टपालानं पाठवायचं, ते भिंगाखाली बघून त्याला दर्जा देतात आणि जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. पुस्तिका गुळगुळीत कागदाची, इंग्रजी. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात नापास झालेला, म्हणजे मोंढ्यातला मोठा इंग्रजीपंडित. मीच वाचून दाखवली. माझीच जीभ झडली असती तर बरं झालं असतं!

काका डोळे मिटून ऐकत होते. आपल्यासारखंच काम करणारी माणसं जगात आहेत, भिंग लावून, कोट घालून करतात, हे कळल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, चला, म्हाताऱ्याला सोबत मिळाली. ते उठून गेले आणि जुन्या बाजारातून एक पाटी घेऊन आले. बूथच्या दाराला टांगली. तिच्यावर खडूनं लिहिलं, "आजपासून."

पहिलं आजपासून: घासलेलं नाणं बघितलं जाणार नाही.

आणि हे कधी? दिवाळीच्या पाडव्याला! आदल्या दिवशी वसमतमधल्या प्रत्येक घरात चिंचेनं, राखेनं घासूनपुसून नाणी पूजेला लावलेली. सणाची सुट्टी बघून लोक नाणी दाखवायला आले, तर हा माणूस हात पाठीमागं बांधून बसलेला. किराणावाले हाजीसाहेब भडकले, "अरे मियाँ, हल्दी पॉलिश करो तो भाव बढता, और सिक्का पॉलिश करो तो बाद? ये कौनसा कायदा?" गर्दीतून एक जण ओरडला, "देवापुढं काय मळकं नाणं ठिवायचं व्हय? लक्षुमी यील का?" काका म्हणाले, "मुंबईचा नियम हाय." हाजीसाहेब म्हणाले, "मुंबई में हल्दी उगती क्या?" मी हाजीसाहेबांच्या बाजूनं होतो, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

दुसरं आजपासून आणखी चार-पाच महिन्यांनी, कंपनीची नवी पुस्तिका आली तेव्हा: जुन्या चिठ्ठ्या रद्द. नाणं पुन्हा दाखवावं.

शिरड शहापूरचे दोघे भाऊ धावत आले. त्यांनी काकांच्या चिठ्ठ्यांवर बापाची नाणी वाटून घेतली होती. अव्वल दोघांत सारखी, दुय्यम दोघांत सारखी, कुरबुर नाही. आता चिठ्ठी रद्द म्हणजे वाटणी रद्द? थोरला बाकड्यापुढं उभा राहून हात नाचवत म्हणाला, "आमचा जिल्हा परभणीचा हिंगोली झाला. म्हून काय मी पुन्यांदा जन्मलो व्हय? माझ्या बापाचं नाव बदललं का? मंग तुमची चिठ्ठी काहून रद्द?" काका पाटीकडं बोट दाखवायचे. बस्. जो माणूस बोटावर विश्वास ठेवा म्हणायचा, तो आता पाटीवर बोट दाखवून मोकळा व्हायचा. मला असा संताप यायचा! म्हटलं, "काका, ती मुंबईची मानसं कोन कुठली? त्यांनी कधी तुमचं तोंड बघितलं का?" ते म्हणाले, "पोरा, मोठ्या आडतीचा दर असतो तोच खरा दर."

आणि तिसरं आजपासून: कडी जोडलेलं, भोक पाडलेलं नाणं बाद.

बाद! दुय्यम नाही, कच्चं नाही, बाद. तांड्यावरच्या बायका पिढ्यानपिढ्या रुपयाला चांदीची कडी जोडून त्याचा हार करतात. त्या सगळ्या हारांना ह्या माणसानं एका खडूच्या रेघेत बाद करून टाकलं.

कळमनुरीच्या वाटेवरच्या तांड्यावरची एक बाई होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात, आम्ही सगळे तिला याडीच म्हणायचो. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेला रुपयांचा हार होता. तिनं दोन वर्षांपूर्वी तो काकांना दाखवला होता आणि काकांनी एकेक रुपया चोळून चिठ्ठी दिली होती, "हार एक. समदे अव्वल." त्या चिठ्ठीसकट हार ती लेकीच्या लग्नात लेकीला घालणार होती. सोयरिक ठरताना वरपक्षाला चिठ्ठी दाखवून झाली होती, त्यांनी मान डोलावली होती. आणि लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना नवऱ्यामुलाचा मामा मोंढ्यात हळद घालायला आला, त्यानं पाटी वाचली, आणि तांड्यावर जाऊन सांगितलं, "हार बाद हाय. खुद्द पारख्यानंच लिवलंय. आमाला खोटं सांगून ऱ्हायले हे लोक."

याडी आली ती चालत नाही, धडकत आली. घागऱ्याची धूळसुद्धा झटकली नाही. चिठ्ठी काकांच्या नाकासमोर धरली. "ह्यो अंगठा कुनाचा?"

काका म्हणाले, "माझाच."

"मंग? माझ्या लेकीच्या सासरचे मला लबाड म्हनून ऱ्हायले. लगीन मोडू म्हनतेत. तूच लिवलं, आता तूच पुसतो? तुला काई लाज?"

"बाई, नियम बदलला. कडीचं नाणं मुंबईवाले घेत न्हाईत."

"मी मुंबईला इकायला चालले का? मी लेकीच्या गळ्यात घालायला चालले!"

मी बूथमधून कुबडी आपटत बाहेर आलो. म्हटलं, "काका, पुसा ती पाटी. आत्ताच्या आत्ता." त्यांचा चेहरा दगडासारखा. खिशातून आपला चारमिनारचा रुपया काढला, याडीला दाखवला. "हे बघ. न कडी, न भोक, न घासलेलं. अव्वल म्हंजे हे असतंय. हे मी मुंबईला पाठवतो. त्यांचा कागद यील, मंग तुला कळंल नियम काय चीज असती."

याडी म्हणाली, "पाठव. पन लगनाच्या आत मागव."

रजिस्टर पोस्टानं मीच पाठवलं. मधले दिवस काका खिशात हात घालायचे आणि रिकामाच बाहेर काढायचे. कुणी नाणं आणलं तरी "मुंबईहून येऊ द्या" म्हणायचे. चहाला दर्जा देणंसुद्धा थांबलं होतं.

पाकीट आलं तेव्हा याडी बूथवरच होती, ती रोजच येऊन बसायची. मी पाकीट फोडलं. डबी नव्हती. रुपया साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत एक कागद. मी मनात वाचला आणि मोठ्यानं वाचायचं धाडस होईना.

"वाच," काका म्हणाले.

मी वाचलं. नाण्याच्या पृष्ठभागावर बाहेरचा पिवळा पदार्थ आणि बोटाचा ठसा आहे. सुधारित धोरणानुसार अशा नाण्याला दर्जा दिला जात नाही.

आईनं दिलेला रुपया. रोज चोळलेला. त्यांच्याच अंगठ्यानं बाद झाला. आणि तोच अंगठा जिल्ह्यातल्या प्रत्येक अव्वल नाण्यावर फिरलेला.

काकांनी पिशवी घेऊन बाकड्यावर ठेवली. माझं मात्र डोकं फिरलं. गेल्या पुस्तिकेत हा नियमच नव्हता, मी पान न् पान वाचलं होतं! फोन उचलला, सरळ मुंबईला लावला. पलीकडं एक पोरगी, गोड आवाज. म्हटलं, "मॅडम, ती हळद हाय." ती म्हणाली, "सर, तो बाहेरचा पदार्थ आहे. पॉलिसी चेंज झाली आहे." "बाहेरचा? अहो, इथल्या मोंढ्यातला हाय तो. चेंज झाली तर आधी सांगायचं की! मानसानं तुमच्या नावावर गावाशी वैर घेतलं हिकडं!" ती म्हणाली, "सर, पॉलिसी कधीही बदलण्याचा हक्क कंपनीनं राखून ठेवला आहे." मी जे बोललो ते इथं लिहीत नाही. हाजीसाहेब दुकान सोडून ऐकायला आले होते. म्हणाले, "शाब्बास, और एक बार बोल."

मी फोन आपटला तेव्हा याडी तो रुपया हातात घेऊन उन्हात बघत होती. मला वाटलं, आता ही हसणार, आणि हसली असती तर तिचा हक्कच होता. पण तिचा चेहरा रागानं लाल झाला होता, आणि राग काकांवर नव्हता.

"हळद लागली म्हून बाद?" ती म्हणाली. "मंग आमी समद्या बायका बादच की रे. माझ्या लेकीला परवा हळद लावायची हाय. ती बी बाद व्हनार का?"

काका उठले. पाटीवरचं सगळं सदऱ्याच्या बाहीनं पुसलं, जोर लावून, बाही पांढरी होईपर्यंत. मग मला म्हणाले, "कळमनुरीची एसटी किती वाजता हाय?"

लग्नाच्या दिवशी आम्ही दोघं तांड्यावर गेलो. मांडवात ती नवऱ्याची मामेमंडळी फुगून बसलेली, हार मधे ताटात ठेवलेला, त्याला कुणी हात लावेना. नवरी आईच्या मागं, हळदीचं अंग, डोळे सुजलेले. काका ताटापुढं मांडी घालून बसले. एकेक रुपया अंगठ्याखाली घेतला. घाई नाही. चोळायचा, हुंगायचा, मोठ्यानं म्हणायचं, "अव्वल." पुढचा. "अव्वल." शेवटच्या रुपयापर्यंत.

मामा काही सोडणाऱ्यातला नव्हता. म्हणाला, "त्या दिवशी बाद, आज अव्वल. आता पुन्यांदा नियम बदलला व्हय?"

मी त्या माणसाला वीस वर्षं ओळखत होतो. उभ्या जन्मात "चुकलो" हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. मोंढ्यात पोत्यात दगड निघाले तरी ते म्हणायचे, दगड अव्वल आहेत.

"नियम न्हाई बदलला," काका म्हणाले. "पारखी चुकला व्हता."

आणि सगळ्या मांडवादेखत त्यांनी याडीपुढं हात जोडले. याडीनं हार उचलला आणि लेकीच्या गळ्यात घातला. मामाला जेवायला बसावंच लागलं.

त्या दिवसानंतर त्यांनी एकाही नाण्याला हात लावला नाही. लोक यायचे, विनवायचे. शिरड शहापूरचा थोरला तर "तुमची जुनीच चिठ्ठी खरी, समजलं ना?" असं दमात घेऊन गेला. काका ऐकून घ्यायचे आणि चहा हुंगायचे. पाटी कोरीच टांगलेली राहिली. मला ह्याचा अजून राग येतो. ज्या बोटांवर सगळा जिल्हा विसंबला, ती बोटं एका गुळगुळीत कागदानं खिशात घालायला लावली. बरं, त्या कागदवाल्यांना त्याचा पत्ताही नाही.

काका गेले तेव्हा त्यांचा एकही फोटो घरात सापडला नाही. फोटो काढायला नेलं की फोटोग्राफरला "कच्चा" म्हणून परत यायचे. जायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. गमतीनं विचारलं, "काका, माझा दर्जा? वाळलो का न्हाई मी?" माझा पंजा हातात घेतला, चोळला. "अजून दोन उन्हं दे," म्हणाले. आणि उशीखालचा रुपया माझ्या मुठीत ठेवला.

आता बूथ राहिला नाही, तिथं मी मोबाइलचं रिचार्ज आणि झेरॉक्स करतो. गल्ल्यात तो रुपया आहे. उन्हात तिरका धरला की चारमिनारवर अंगठ्याची एकेक रेघ दिसते, पिवळी.

आणि परवा पत्र आलं. मुंबईचंच. जुन्या ग्राहकांच्या यादीत माझा पत्ता असावा. कळवण्यास आनंद होतो की, धोरणात बदल झाला आहे. पूर्वी नाकारलेली नाणी पुन्हा पाठवावीत. कंपनी पृष्ठभागावरचा बाहेरचा पदार्थ आणि ठसे खास पद्धतीनं काढून, नाणं स्वच्छ करून त्याला योग्य तो दर्जा देईल. म्हणजे आता घासायचं चालतं! आमच्या बायकांनी चिंचेनं घासलं तर बाद, आणि ह्यांनी घासलं तर दर्जा. आनंद होतो म्हणे. त्यांच्या आनंदाला आग लागो.

खाली फॉर्म होता. "ठसा काढण्यास संमती आहे / नाही." मी "नाही"खाली अशी रेघ मारली की कागद फाटला. सहीच्या जागेवर थांबलो. मग स्वयंपाकघरात गेलो, हळदीच्या डब्यात अंगठा बुडवला आणि तिथं दाबला.

आमची ही ओरडली, "अहो, सहीच्या जागी काय करून ऱ्हायले? डाग पडला की!"

पडू दे म्हटलं, आणि पाकीट चिकटवलं.